मोत्याचा कान

धोंडिबाचा मोत्या मळ्याची राखण करी. पावसाळा आला की त्याचा कान दुखे. तो सारखी मान झटके, पायाने कान खाजवी. कानाला घाण वास येई. धोंडिबा कानात गोडेतेल ओती. चार दिवस बरे वाटे, की पुन्हा तेच!

एका रात्री डुकरे मळ्यात शिरली. मोत्या विव्हळत पडून राहिला. भुईमूग गेला.

सकाळी धोंडिबाने त्याला गुरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधी कानात पाहिले. मग ते म्हणाले, "कुत्र्याच्या कानाची नळी खाली जाते, मग आत वळते. तिच्यात ओल राहते, बुरशी धरते. कधी बारीक किडे होतात. कधी खाण्यातले काही बाधते. कारण ओळखूनच औषध द्यावे लागते. तेल ओतू नका. काडी घालू नका, पडदा फाटेल."

"मग मी काय करू, डॉक्टरसाहेब?"

"औषध सांगितले तितके दिवस घाला. खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नका. पुन्हा दाखवायला आणा. मोत्या भिजला की मऊ फडक्याने कान पुसा. आठवड्याला कान उचलून पाहा."

धोंडिबाने तसेच केले. आता पान हलले तरी मोत्या कान टवकारतो.

जो आपला मळा राखतो, त्याचा कान आपण राखावा.