बातमीतील जात : कुठे छापतात, कुठे गाळतात?

वर्तमानपत्र हा समाजाचा आरसा आहे, असे आपण सर्वांनीच शाळेतील निबंधात लिहिले आहे. परंतु आरसाच वाकडा असेल तर चेहराही वाकडा दिसणार. उपेक्षित समाजाच्या बातम्या कशा वाचाव्यात, याचा थोडा अभ्यास आम्ही विद्यार्थी मित्रांपुढे व समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

पहिले उदाहरण पारधी समाजाचे. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. पुढे पारध्यांवरही तोच शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. बातम्यांतून मात्र तो गेला नाही. दरोडा पडला की तपासाआधीच 'पारधी टोळीवर संशय' असा मथळा येतो. इतर चोरांचे नाव व वय छापतात, जात छापत नाहीत. गुन्हा एकाचा, बदनामी मात्र साऱ्या पालांची!

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे यांची निर्घृण हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांत त्यांची जात आली नाही. आली ती अनैतिक संबंधांची कुजबुज. म्हणजे जिथे जातीचा संबंध नाही तिथे ती छापायची, आणि जिथे जात हाच प्रश्न आहे तिथे ती गाळायची!

तिसरे उदाहरण आपल्या मराठवाड्याचे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि खेडोपाडी दलित वस्त्या जाळल्या गेल्या. या प्रकाराला आजही सर्रास 'दंगल' म्हणतात. दंगल म्हटले की दोन बाजू भिडल्या असे वाटते. येथे तर घरे एकाच बाजूची जळाली. एका शब्दाने अन्याय करणारा व सोसणारा सारखेच ठरतात.

बाबासाहेबांनी हे फार पूर्वी ओळखले होते. म्हणूनच ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' सुरू केले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य दिले. आपली बाजू आपणच मांडली पाहिजे, हा त्यामागील विचार होय.

बातमी वाचताना विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत :

१) येथे जात का छापली? किंवा का गाळली?
२) माहिती कोणी दिली? फक्त पोलिसांनी, की वस्तीतील माणसांनीही?
३) हीच घटना दुसऱ्या समाजात घडली असती तर हाच शब्द वापरला असता काय?

अवमानकारक अर्थ निघेल अशा रीतीने जातीचा उल्लेख टाळावा, असे प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतही आहे. चुकीची बातमी दिसल्यास संपादकांना सभ्य भाषेत, पुराव्यासह पत्र लिहावे.

शेवटी एक प्रश्न स्वतःलाही विचारू या. गावाबाहेर पारध्यांचे पाल पडले की आपणही दाराला कुलूप लावतो ना? आपल्याविषयीचा खोटा मथळा आपल्याला झोंबतो. मग दुसऱ्याविषयीचा खोटा मथळा आपण खरा का मानावा?