गप्पी मासा : अंगाची खूण आणि रोगाची खूण

डासांच्या अळ्या खातो म्हणून गप्पी मासा विहिरींत व पाण्याच्या टाक्यांत सोडण्यात येतो. परिसर अभ्यासासाठी तो शाळेतील काचेच्या पेटीतही सहज जगतो. परंतु पोट फुगलेली, मागील बाजूस काळा डाग असलेली मादी दिसली की ती रोगट समजून पुष्कळदा टाकून दिली जाते. वास्तविक ती गाभण असते, व तिच्याबरोबर पोटातील सारी पिल्लेही जातात. यास्तव शिक्षकबंधुभगिनींनी रोगाची लक्षणे सांगण्यापूर्वी निरोगी मासा मुलांना नीट दाखवावा.

नर लहान, सुमारे ३ सेंटिमीटर लांबीचा व रंगीत असतो. त्याच्या पोटाखालचा मागील पर काडीसारखा निमुळता दिसतो. तो तुटलेला नसून ते प्रजोत्पादनाचे इंद्रिय होय. मादी मोठी व फिकट असते. हा मासा अंडी न घालता जिवंत पिल्ले देतो. पिल्ले सुमारे चार आठवड्यांत जन्मतात. काळसर डाग कातडीच्या आत, गुदद्वाराजवळ, प्रत्येक प्रौढ मादीत त्याच जागी असतो. प्रसूती जवळ आली की तो गडद होतो.

आता रोग पाहू. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात साखरेच्या कणांएवढे उंचवटे अंगावर व परांवरही विखुरतात, दिवसेंदिवस वाढतात, आणि मासा दगडावर अंग घासतो. जलोदरातही पोट फुगते, आणि खरा घोटाळा होतो तो येथेच. गाभण मादीचे खवले अंगास चिकटलेले असतात. जलोदरात ते उभे राहतात. मासा वरून पाहिल्यास हा भेद चटकन कळतो. पर मिटून एका कोपऱ्यात राहणारा मासाही आजारी समजावा. मात्र पहाटे सर्वच मासे पृष्ठभागी धापा टाकू लागले, तर दोष बहुधा पाण्याचा असतो. थोडे पाणी बदलावे.

दुकानांत दिसणाऱ्या समुद्रातील नारिंगी विदूषक माशाबाबतही मुले विचारतील. त्याचे पांढरे पट्टे व परांच्या काळ्या कडा ही त्याच्या जातीची खूण आहे, बुरशी नव्हे.

मुलांनी पंधरा दिवस रोज नोंद करावी : डाग कोठे आहे, एक की अनेक, कालच्याइतकाच की वाढलेला? नर व मादी यांची चित्रे काढवून घ्यावीत. (चित्र सुबक नसले तरी चालेल, डागाची जागा बरोबर हवी.) संशयित मासा निराळ्या भांड्यात ठेवावा, अंदाजाने औषध ओतू नये.

पुण्याहून मासे घेऊन स्वारगेटला एस.टी.त बसणाऱ्या शिक्षकांनी शाळेत पोहोचल्यावर पिशवी अर्धा तास पेटीतील पाण्यावर तरंगत ठेवावी, मग मासे सोडावेत. नळाचे पाणी आदल्या दिवशीच उघड्या भांड्यात भरून ठेवावे. प्रवासाने मासे फिके पडतात, म्हणून पहिल्या दिवशी रंगावरून निदान करू नये. गप्पी हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील मासा आहे. तो नदी-ओढ्यांत गेल्यास स्थानिक माशांना उपद्रव होतो, म्हणून वाढलेली पिल्ले तेथे सोडू नयेत. गावच्या आरोग्य सेवकास विचारावे.