कारण की सबब?

मुलांनो, 'सबब' हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. उर्दूत सबब म्हणजे कारण. बोलण्यातल्या मराठीत मात्र 'तो रोज नवी सबब सांगतो' असे म्हटले, की सबब म्हणजे बहाणा. एका पावसाळ्यात आमच्या वर्गाला या दोन अर्थांतला फरक नीट समजला.

आमची शाळा मुळशी तालुक्यात आहे. येथे पाऊस फार. डोंगरावरून ओढे धावतात, विहिरींचे पाणी गढूळ होते. त्या जुलै महिन्यात एकाच आठवड्यात नववीच्या वर्गातली आठ मुले जुलाब-उलट्यांनी आजारी पडली. त्यांपैकी एका मुलाच्या अंगातले पाणी इतके कमी झाले, की त्याचे डोळे खोल गेले. त्याला दवाखान्यात सलाईन लावावे लागले.

मुले परत आल्यावर मी विचारले, "पोट कशाने बिघडले?"

"सर, मी पावसात भिजलो होतो," एक जण म्हणाला. दुसरीच्या दादींनी तिची नजर उतरवली होती. तिसऱ्याच्या अम्मींनी वडापावला दोष दिला, तर चौथ्याच्या अब्बांनी जांभळांना. आजार एक आणि उत्तरे अनेक! मी म्हणालो, "या मराठीतल्या सबबी झाल्या. आता उर्दूतली सबब शोधू या."

मी त्यांना लंडनची एक हकिकत सांगितली. सन १८५४ मध्ये तेथील ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ आली. थोड्याच दिवसांत शेकडो माणसे मेली. दुर्गंधीच्या हवेने पटकी होते, असे तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. डॉ. जॉन स्नो यांना ते पटत नव्हते. ते घरोघरी गेले. कोण मेले आणि ते कोठले पाणी पीत होते, हे त्यांनी विचारले. बरेचसे मृत ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी पिणारे निघाले. दूरच्या हॅम्पस्टेड भागात राहणारी एक बाई मात्र पटकीने मेली होती. ती त्या भागात आलीही नव्हती. चौकशीत कळले, की तिला त्याच पंपाचे पाणी आवडे आणि ती ते मुद्दाम मागवून घेई! स्नो यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. पुढे त्या विहिरीत शेजारच्या घराचे मैलापाणी झिरपत असल्याचे उघड झाले.

मुलांना ही हकिकत फार आवडली. त्यांनी लगेच वहीत रकाने आखले : नाव, शाळेचा रस्ता, पाणी, खाणे. आजारी नसलेल्या मुलांनाही विचारायचे, असे ठरले. हे फार महत्त्वाचे होते, कारण वडापाव तर अर्ध्या वर्गाने खाल्ला होता.

आठांपैकी सात मुले एकाच वाडीतून पायी येत आणि वाटेवरच्या झऱ्याचे पाणी पीत. त्याच वाडीतली दोन मुले घरून पाणी आणत. ती ठणठणीत होती. आठवी मुलगी मात्र एस.टी.ने येणारी. तिने तो झरा पाहिलाही नव्हता. सगळे कोड्यात पडले. दोन दिवसांनी तिला आठवले, की मधल्या सुट्टीत ती मैत्रिणीच्या बाटलीतले पाणी प्यायली होती. बाटली झऱ्यावर भरलेली होती!

असा शोध मोठ्या माणसांनाही घ्यावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच पुणे जिल्ह्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागात गुलेन बॅरी सिंड्रोम या आजाराचे रुग्ण वाढले. पाहता पाहता रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही जण दगावले. या आजारात हातापायांतली शक्ती जाते. पुष्कळांना त्याआधी जुलाब झाले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत शौचाचे नमुने तपासले, तेव्हा काहींमध्ये कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू सापडला. तो दूषित पाण्यातून किंवा अर्धकच्च्या कोंबडीच्या मांसातून आतड्यात जातो. शरीर त्याच्याशी लढते, पण क्वचित या लढाईत आपल्याच मज्जातंतूंवर घाव घालते. पोटाचे दुखणे पोटापुरते राहतेच असे नाही.

कधी कधी दोष पाण्याचा नसतो. काहींना मोठेपणी दुधातली साखर पचत नाही. दूध प्यायले की पोट गुडगुडते. अशा वेळी काय खाल्ले आणि केव्हा त्रास झाला, हे दोन आठवडे लिहून ठेवावे. ज्या पदार्थाचा संशय येईल तेवढाच बंद करून पाहावा. दहा पदार्थ एकदम सोडले, तर दोषी कोण ते कळणार कसे? शौचातून रक्त पडत असेल किंवा वजन घटत असेल, तर वही मिटून सरळ डॉक्टरांकडे जावे. जुलाब सुरू होताच एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजत राहावे.

सलाईन लावलेल्या मुलाचे आजोबा काही केल्या ऐकेनात. "साठ वर्षे मी हेच पाणी प्यालो," ते म्हणत. एका रविवारी आम्ही त्यांना घेऊन झऱ्याच्या वरच्या अंगाला चढलो. तेथे नवा गोठा झाला होता. उकिरड्यातून पावसाचे काळे पाणी सरळ झऱ्याकडे उतरत होते. आजोबा बराच वेळ ते पाहत उभे राहिले. मग नातवाला म्हणाले, "जा, घरून फावडे आण."

शब्दार्थ
पटकी – कॉलरा, हैजा. मैलापाणी – सांडपाणी. झिरपणे – हळूहळू पाझरणे. उकिरडा – शेण व केरकचऱ्याचा ढीग. दगावणे – मरण पावणे.

स्वाध्याय
१. आजारी नसलेल्या मुलांना प्रश्न विचारणे का आवश्यक होते?
२. हॅम्पस्टेडची बाई आणि वर्गातली आठवी मुलगी यांच्यात कोणते साम्य आहे?
३. 'सबब' हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरून दोन मराठी वाक्ये लिहा.