लीबिखची चित्रपत्रके : बरणी, चौकट आणि पाठीवरचा मजकूर

जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिख (१८०३–१८७३) यांच्या नावाने १८६५ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या कंपनीचा मांसार्क उरुग्वेतील फ्राय बेंतोस येथे तयार होत असे. ग्राहकांसाठी या कंपनीने काढलेली रंगीत चित्रपत्रके एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकापासून १९७५ पर्यंत निघत राहिली. सुमारे ११ सेंटिमीटर लांब व ७ सेंटिमीटर रुंद अशी ही पत्रके बहुधा सहा-सहाच्या मालिकांत असत. संग्राहकांनी त्यांचे जतन केले. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी मात्र त्यांच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

नमुनेदार पत्रकावर एखादा ऑपेरातील प्रसंग अथवा दूरदेशीचे दृश्य असते आणि कोपऱ्यात मांसार्काची पांढरी बरणी. दृश्याला खोली आहे, त्यातील आकृती अंतरानुसार लहान होत जातात. बरणी हा नियम पाळत नाही. ती पाहणाऱ्याच्या अगदी जवळ, जणू कागदाच्या पृष्ठभागावरच ठेवलेली असते. प्रसंग कोणत्याही शतकातील असो, बरणी ग्राहकाच्या वर्तमानकाळातली. तिला जाहिरातदाराची घुसखोरी म्हणून बाजूस सारणे घाईचे होईल. चौकटीबाहेरून बोलणाऱ्या सूत्रधाराचे स्थान रचनेत तिला मिळालेले आहे, आणि सहा सुट्या चित्रांना एका मालिकेत ओवणारा दुवाही तीच आहे. त्या बरणीवरील निळी स्वाक्षरी हा मालाच्या अस्सलपणाचा पुरावा होता. काल्पनिक दृश्याशेजारी तो पुरावा ठेवल्याने दृश्यालाही थोडी विश्वासार्हता उसनी मिळते.

रचनेचे दुसरे अंग भाषेचे आहे. एकच चित्र फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा निरनिराळ्या भाषांतील आवृत्त्यांसाठी वापरले जाई. रंगीत शिलामुद्रणात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. तेव्हा चित्र कायम ठेवून केवळ अक्षरे बदलणे सोयीचे होते. शीर्षकाची पट्टी दृश्यापासून अलग का असते, याचे एक कारण येथे सापडते. भाषांतराची सोय चित्राच्या मांडणीतच केलेली आहे.

खरी अडचण पाठीमागच्या बाजूची आहे. तेथे प्रसंगाचे निवेदन किंवा पाककृती छापलेली असे. पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेत चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एका चित्रामागे दुसरे चित्र येते, आणि कथा गाणाऱ्याच्या मुखातून येते. लीबिखच्या पत्रकात गाणारा नाही; त्याचे काम पाठीवरच्या मजकुराकडे आहे. मात्र अनेक संग्राहकांनी पत्रके वहीत डिंकाने चिकटवली आणि तो मजकूर झाकला गेला. अशा वहीवरून केलेला अर्थ हा निवेदनावाचून पाहिलेल्या चित्राचा अर्थ ठरतो. बरणीचे ‘सूत्रधारत्व’ही मग अवास्तव वाढते, कारण बोलणारे असे तेवढेच उरलेले असते. म्हणून पत्रकाचे वर्णन नोंदवताना कोणती भाषा, मालिकेतील कितवे पत्रक आणि पाठ वाचता आली किंवा नाही, हे चित्राच्या आधी नोंदवणे इष्ट.