डोलणारी दीपमाळ

आपल्या जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील राशीनच्या देवीची दीपमाळ हलविली की डोलते. एवढे जड बांधकाम कसे बरे डोलते?

मी दोरीला खडा बांधून झोका दिला. दोरी १ मीटर असता जाऊन-येऊन २ सेकंद लागले. २५ सेंटिमीटरला १ सेकंद. खडा जड बांधला, तरी वेळ तेवढाच! यास आंदोलनकाल म्हणतात. प्रत्येक डोलणाऱ्या वस्तूचा असा स्वतःचा ताल असतो. नागपंचमीचा झोका तालात ढकलला की थोड्या जोरानेही चढत जातो ना? दीपमाळेचेही तसेच. जरा कलली की तिचा ताठपणा तिला मागे खेचतो. पण डोल फार वाढला तर सांधे खिळखिळे होतात. म्हणून मित्रांनो, दीपमाळ डोळे भरून पाहा, उगीच हलवू नका.