कळफलक : जुना हात, नवे यंत्र

घोडा मेला तरी खोगीर टाकून देऊ नये, असा विचार एका जपानी संगणकशास्त्रज्ञाने मांडला आणि त्यातून एक कळफलक जन्माला आला. टोकियो विद्यापीठात अध्यापन केलेले प्राध्यापक एइइती वादा यांनी अमेरिकेतील गुराख्यांचा दाखला दिला होता. वाटेत घोडा मेला तर गुराखी त्याला तेथेच सोडतो, पण खोगीर मात्र खांद्यावर घेऊन पुढे चालू लागतो. कारण घोडा दुसरा मिळतो. अंगाला बसलेले खोगीर सहजासहजी मिळत नाही. वादा यांच्या मते संगणक हा घोडा आणि कळफलक हे खोगीर होय. त्यांच्या कल्पनेनुसार पीएफयू या जपानी कंपनीने १९९६ साली अवघ्या ६० कळांचा एक लहानसा फलक बाजारात आणला. केवळ निराळी वायर जोडून तो पीसी, मॅकिंटॉश आणि सन कंपनीची यंत्रे अशा तिन्ही प्रकारच्या संगणकांना लावता येत असे. आपल्याकडे ‘खोगीरभरती’ हा शब्द ज्या अर्थाने रूढ आहे, तो अर्थ या फलकाला मुळीच लागू पडत नाही. तो लागू पडतोच, तर गाणी वाजविण्यासाठी आणि आवाज वाढविण्यासाठी जादा कळांची रांग लावणाऱ्या अलीकडच्या कित्येक फलकांना पडेल.

संगणक काही वर्षांनी जुना होतो. त्याची स्मृती अपुरी पडते, नवी आज्ञावली त्यावर चालत नाही आणि तो बदलावा लागतो. त्याच्यासोबत कळफलकही अडगळीत जातो. वस्तुतः फलकावर पडणारे काम बदललेले नसते. तीच दहा बोटे आणि तीच अक्षरे. बोटांना एका फलकाची सवय होण्यास महिने लागतात, आणि ती मोडण्यास एक नवी खरेदी पुरेशी होते. जे कर्मचारी, लेखक, पत्रकार अथवा मुद्रितशोधक दिवसाचे सहा-सात तास कळांवर घालवितात, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न हौसेपुरता राहत नाही. तो कामाचा वेग, चुकांचे प्रमाण आणि मनगटाचे स्वास्थ्य यांच्याशी निगडित होतो.

लेक्सिंग्टनचा फलक

यंत्रे बदलली तरी टिकून राहिलेल्या फलकांत आयबीएम कंपनीच्या ‘मॉडेल एम’ या फलकाचे नाव प्रथम घ्यावे लागेल. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथील या कंपनीच्या कारखान्यात पूर्वी विजेची टंकलेखन यंत्रे तयार होत. १९६१ साली आलेल्या ‘सिलेक्ट्रिक’ या यंत्राने कार्यालयीन टंकलेखकांच्या बोटांना एक विशिष्ट स्पर्श शिकविला होता. संगणकाचा काळ आला तेव्हा याच टंकलेखकांना नव्या यंत्रापुढे बसवायचे होते. त्यांच्या बोटांना परके वाटणार नाही असा फलक देणे ही म्हणूनच व्यवसायाची गरज होती.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीसोबत ८३ कळांचा ‘मॉडेल एफ’ फलक मिळे. तो अत्यंत दणकट होता. परंतु त्यावरील काही कळांच्या जागांविषयी टंकलेखकांची तक्रार असे. १९८४ च्या एटी यंत्रासोबत ८४ कळांचा सुधारित फलक आला, आणि १९८५ पासून १०१ कळांचा मॉडेल एम तयार होऊ लागला. बाणांच्या कळा निराळ्या, अंकांचा संच उजवीकडे आणि वरच्या ओळीत बारा कार्य-कळा ही आज सर्वत्र दिसणारी मांडणी याच फलकामुळे रूढ झाली. आज कोणत्याही कार्यालयातील मेजावर जो फलक असतो, तो मांडणीच्या बाबतीत या फलकाचाच वारस होय.

त्याचे खरे वैशिष्ट्य मात्र कळेच्या पोटात आहे. प्रत्येक कळेखाली एक बारीक स्प्रिंग उभी असते. कळ दाबली की स्प्रिंग आखडत जाते आणि एका ठरावीक क्षणी एकदम बाजूला वाकते. वाकताना ती खालच्या छोट्या पट्टीला कलंडविते. पट्टीमुळे खालील दोन पातळ पडद्यांवरील वाहक ठिपके एकमेकांस टेकतात आणि अक्षर उमटते. स्प्रिंग वाकते त्याच क्षणी ‘टक्’ असा आवाज होतो आणि बोटाला हलकासा झटका जाणवतो. म्हणजे अक्षर उमटल्याची वर्दी कानाला आणि बोटाला एकाच वेळी मिळते. पडद्याकडे पाहण्याची गरज उरत नाही. या वाकणाऱ्या स्प्रिंगच्या रचनेचे एकस्व रिचर्ड हंटर हॅरिस यांच्या नावे १९७८ साली नोंदले गेले.

स्वस्त फलकांत स्प्रिंगऐवजी रबराची घुमटी असते. ती पूर्ण दबून तळाला टेकेपर्यंत बहुधा अक्षर उमटत नाही. त्यामुळे बोट प्रत्येक वेळी तळावर आपटते. एका पत्रात हे जाणवणार नाही. दिवसभराच्या कामानंतर जाणवते. शिवाय रबर कालांतराने कडक अथवा ढिले होते, आणि काही कळा जड तर काही हलक्या लागू लागतात.

दोन किलोंहून अधिक वजनाचा मॉडेल एम मेजावर ठेवला की जागचा हलत नाही. त्याच्या कळांवरील अक्षरे वरवर छापलेली नसून रंग प्लास्टिकमध्ये मुरवून उमटविलेली आहेत. म्हणून ती वर्षानुवर्षांच्या वापरानेही पुसली जात नाहीत. पाठीवरील पट्टीवर भाग-क्रमांक आणि निर्मितीची तारीख असते. १३९१४०१ हा क्रमांक जाणकारांना तोंडपाठ असतो. १९९१ साली आयबीएमने हा विभाग वेगळा काढून लेक्समार्क ही कंपनी स्थापन केली, आणि १९९६ मध्ये लेक्समार्कने फलक-निर्मिती सोडल्यावर लेक्सिंग्टनमध्येच युनिकॉम्प या छोट्या कंपनीने ती साधनसामग्री घेऊन हेच काम पुढे चालू ठेवले.

या फलकाचे दोषही सांगितले पाहिजेत. त्याचा आवाज वापरणाऱ्याला प्रिय असला, तरी शेजारी बसणाऱ्याला तो तितकाच प्रिय असेल असे नाही. चार-सहा जण एकत्र बसतात अशा खोलीत याचा विचार करावाच लागेल. आतील पत्रा व पडदे एकत्र धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या खिळ्यांची डोकी वयोमानाने तुटतात आणि कळा सैल पडतात. त्यावर उपाय म्हणजे खिळे काढून त्या जागी बारीक स्क्रू व नट बसविणे. काम किचकट आहे, परंतु ते केल्यावर फलक पुन्हा अनेक वर्षे चालतो. चहा सांडला तर मात्र पडदे बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

जुनी खुंटी, नवे छिद्र

जुना फलक नव्या संगणकास जोडताना पुष्कळांची फसगत होते. बाहेरून जी खुंटी सारखी दिसते, तिच्यातून जाणारी भाषा सारखी असतेच असे नाही.

पहिल्या पीसीच्या फलकाला पाच पिनांची गोल, जाड खुंटी असे. १९८४ च्या एटी यंत्रालाही तीच खुंटी होती. परंतु पहिला फलक केवळ बोलत असे, ऐकत नसे. एटीचा फलक यंत्राशी दुतर्फा संवाद करी आणि कळांचे क्रमांकही निराळे पाठवी. म्हणून एकाची खुंटी दुसऱ्यात बसते, पण काम होत नाही. फलक बिघडला असे समजून तो भंगारात देण्यापूर्वी एवढी गोष्ट तपासून घ्यावी. १९८७ साली आलेल्या पीएस/२ यंत्रांनी खुंटी लहान केली, सहा पिनांची केली. भाषा मात्र एटीचीच ठेवली. त्यामुळे एटीचा फलक पीएस/२ छिद्रात लावण्यास केवळ तारा जुळविणारे साधे अॅडाप्टर पुरते.

यूएसबी मात्र १९९६ नंतरची अगदी वेगळी पद्धती आहे. तेथे तारा जुळवून भागत नाही. मधे दुभाषी लागतो. हा दुभाषी म्हणजे छोटी चिप असलेला परिवर्तक. बाजारात दोन वस्तू एकसारख्या दिसतात : एक नुसती खुंटी बदलणारी, दुसरी खरोखर भाषांतर करणारी. पहिली केवळ अशाच फलकांना चालते, ज्यांना मुळातच दोन्ही भाषा येतात. जुन्या फलकांना ती निरुपयोगी आहे. शिवाय जुने फलक आजच्या फलकांपेक्षा अधिक वीज घेतात. स्वस्त परिवर्तकाला तो भार पेलत नाही, आणि कळा मधूनच बंद पडतात. अशा वेळी फलकाला दोष देण्याऐवजी परिवर्तक बदलून पाहणे श्रेयस्कर. पीएस/२ छिद्रात फलक लावायचा किंवा काढायचा असेल तर संगणक आधी बंद करावा. यूएसबीत चालणारी चालू यंत्रातील काढघाल तेथे यंत्राला धोकादायक ठरू शकते.

उलट प्रसंगही येतो. जुन्या नोंदी ज्या जुन्या यंत्रात आहेत, त्याला यूएसबी छिद्रच नसते आणि त्याचा मूळ फलक मोडलेला असतो. आजचे बहुतेक फलक केवळ यूएसबी जाणतात. खुंटी बदलून ते जुन्या यंत्राशी बोलत नाहीत. म्हणून जुने यंत्र जतन करायचे असेल, तर त्याचा एखादा चालू फलक त्याच्यासोबतच ठेवणे हे शहाणपणाचे.

१०१ कळांच्या फलकावर विंडोजची कळ नाही. ती १९९४ नंतर आली. तिच्यावाचून फारसे अडत नाही. कंट्रोल आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की तीच यादी उघडते. कॅप्स लॉकसारखी, मराठी लिहिताना बिनकामाची कळ तिच्या जागी नेमून देण्याची सोयही करता येते.

फलकाला अक्षर कळत नाही

अमेरिकेत १९८५ साली तयार झालेल्या फलकावर आज मराठी लिहिता येईल काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. उत्तर होकारार्थी आहे. फलकाला अक्षर कळतच नाही. तो केवळ अमुक क्रमांकाची कळ दाबली गेली, एवढेच कळवितो. त्या क्रमांकाचा ‘क’ करायचा की इंग्रजी ‘के’, हे संगणकातील आज्ञावली ठरविते.

टंकलेखन यंत्रात असे नव्हते. तेथे कळ आणि अक्षराचा खिळा लोखंडी दांड्याने जोडलेले असत. कळा मोजक्या आणि देवनागरीची चिन्हे अनेक. म्हणून अक्षरे मोडून अर्धी अक्षरे, काने व मात्रा अशा तुकड्यांत बसवावी लागली. कागदावर जे डावीकडे दिसते ते आधी ठोकायचे, हा तेथील नियम. ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर. गोदरेज कंपनीने १९५५ साली पहिले भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले आणि २००९ साली ही निर्मिती थांबविली. मधल्या पन्नासहून अधिक वर्षांत शासकीय कार्यालये, न्यायालये आणि गावोगावच्या टंकलेखन संस्थांतून तयार झालेल्या हातांत हाच क्रम भिनला.

संगणकासाठी केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ‘इनस्क्रिप्ट’ ही मांडणी प्रमाण ठरविली व १९८८ मध्ये तीत सुधारणा केली. १९८८ मध्येच स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने भारतीय लिप्यांच्या तंत्राद्वारे ती पुष्कळ ठिकाणी पोहोचविली. तिची रचना वर्णमालेवर आधारलेली आहे. स्वर व त्यांची चिन्हे डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. साध्या कळेवर ‘क’ तर शिफ्टसह ‘ख’, ‘ग’ सोबत ‘घ’, ‘त’ सोबत ‘थ’. ‘ल’ च्याच कळेवर शिफ्टने ‘ळ’ मिळतो. अक्षरे उच्चाराच्या क्रमाने लिहायची : आधी ‘क’, मग वेलांटी. युनिकोडमध्ये मजकूर साठविला जातो तोही याच क्रमाने. नव्याने शिकणाऱ्याला ही मांडणी सोपी जाते, यात शंका नाही. ज्याचा हात तीस वर्षे वेलांटी आधी ठोकत आला आहे, त्याला मात्र ती प्रत्येक चौथ्या-पाचव्या शब्दाला अडविते. त्याला मंद म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचे खोगीर बदलले गेले आहे.

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीचा वेग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द अपेक्षित असतो. हा वेग मांडणीशी बांधलेला असतो. एका मांडणीवर सहज तीस शब्द लिहिणारा उमेदवार दुसऱ्या मांडणीवर निम्म्यावर येऊ शकतो. यास्तव परीक्षेत कोणती मांडणी उपलब्ध आहे, हे सरावास बसण्यापूर्वीच पाहून घ्यावे; नोकरीची संधी या एका तपशिलावर हुकू शकते. त्याचबरोबर जुन्या हातांसाठीही वाट आहे. टंकलेखन यंत्राच्या क्रमाने लिहू देणारी आज्ञावली पहिली वेलांटी क्षणभर राखून ठेवते, व्यंजन आले की योग्य जागी बसविते, आणि साठा युनिकोडमध्येच करते. इनस्क्रिप्ट संगणकाच्या प्रणालीत आयतीच असते. ही दुसरी सोय वेगळी बसवून घ्यावी लागते.

ती बसविली की एकाच मेजावर दोघांचे काम चालते. सकाळी जुने टंकलेखक आपल्या सवयीच्या क्रमाने पत्र लिहितात. दुपारी नवा लिपिक डावी आल्ट व शिफ्ट कळ एकत्र दाबून इनस्क्रिप्टवर येतो. या दोन्ही कळा १९८५ च्या फलकावरही आहेत.