उडी मारण्याआधी : पहिलं टेरेन पार्क कसं निवडावं?

सुरुवातीलाच एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझ्या मराठीत जोडाक्षरं कधीकधी एकमेकांना धडकतात. संपादकांनी "तू लिही, आम्ही बघतो" असं म्हटल्यामुळे हे धाडस करते आहे. चुका पोटात घाला.

विषय बघून तुम्ही म्हणाल, हिला झालंय काय? आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवर मे महिन्यात अंडं ठेवलं तर त्याचं ऑम्लेट होईल, आणि ही बर्फावरच्या उड्यांबद्दल लिहिते आहे! पण आपल्या कॉलेजमधून दर वर्षी किती सीनियर एम.एस.ला बाहेर जातात ते मोजा. त्यातले बरेच जण अशा गावात जातात जिथून बर्फाचा डोंगर तासाभरावर असतो. पहिल्या थंडीत रूममेट म्हणतात, "चल रे, वीकेंडला बोर्डिंग." आणि आपला मुलगा जातो.

माझा मावसभाऊ असाच गेला. मी त्याला दादा म्हणते. तिसऱ्याच खेपेला स्नोबोर्ड पायाला बांधून तो मित्रांच्या मागे टेरेन पार्कमध्ये शिरला आणि मनगट मोडून घेतलं. मावशीला त्याने आठ दिवस सांगितलं नाही. व्हिडिओ कॉलवर प्लॅस्टर दिसू नये म्हणून नुसता चेहरा दाखवत होता. शेवटी मावशीनेच विचारलं, "अरे, तू डाव्या हाताने का जेवतोयस?" त्यानंतर आमच्या घरी जे काही झालं ते इथे लिहीत नाही. सेमिस्टरचा रिपोर्ट त्याने एका हाताने टाइप केला. डोंगराचं नाव सांगत नाही, कारण चूक डोंगराची नव्हती. दादाचं एकच वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. "अगं, छोटं पार्क शेजारीच होतं. पण कुठलं आपलं हे कसं ओळखायचं, ते मला माहीतच नव्हतं."

म्हणून हा अभ्यास. व्हायवाला बसल्यासारखा मुद्देसूद लिहिते.

टेरेन पार्क म्हणजे काय?

साध्या उतारावर फक्त घसरत, वळत खाली यायचं असतं. टेरेन पार्कमध्ये त्याच उतारावर मुद्दाम बनवलेल्या गोष्टी असतात. त्यांना 'फीचर' म्हणतात. यातली सगळ्यात सोपी म्हणजे रोलर, म्हणजे बर्फाचा गोलसर उंचवटा, आपल्या स्पीडब्रेकरसारखा. मग बॉक्स, म्हणजे वर गुळगुळीत प्लॅस्टिकचा पत्रा असलेली लांब पेटी, जिच्यावरून घसरत जायचं. बॉक्सची अरुंद धातूची बहीण म्हणजे रेल. आणि मग जंप. जंपचा नेहमीचा प्रकार 'टेबलटॉप'. त्याला चढण असते, पुढे सपाट माथा, माथ्याच्या शेवटी 'नकल' नावाची कड आणि त्यापुढे उतरायचा उतार. हाफपाइप हे अजून पुढचं प्रकरण, ते आज बाजूला ठेवू.

हा खेळ काही टवाळ पोरांचा राहिलेला नाही. २०१४च्या सोची ऑलिंपिकपासून रेल आणि जंपचा 'स्लोपस्टाइल' हा प्रकार स्कीइंग आणि स्नोबोर्डिंग दोन्हींत पदकांसाठी खेळला जातो. पण ऑलिंपिकचं पार्क आणि आपलं पहिलं पार्क यांत गल्ली क्रिकेट आणि वानखेडेइतका फरक आहे.

आधी स्वतःला तपासा

पार्क निवडण्याआधी आपली पात्रता बघायची. अमेरिकेत उतारांना खुणा असतात. हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड. निळ्या उतारावर तुम्हाला डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही वळणं जमतात का? ठरवलेल्या जागी थांबता येतं का? वेग मनाप्रमाणे कमी-जास्त करता येतो का? एकाचंही उत्तर "कधीकधी" असेल तर पार्क पुढच्या खेपेला. हा केटी लागल्याचा अपमान नाही, प्रीरिक्विझिट आहे. दादाला त्या दिवशी एकाच बाजूला नीट वळता येत होतं.

नारिंगी पाटी वाचा

अमेरिकेतल्या बहुतेक डोंगरांवर पार्कच्या तोंडाशी नारिंगी रंगाची लंबगोल खूण असते. तिच्यासोबत आकार लिहिलेला असतो : एस, एम, एल किंवा एक्सएल. नवख्याने फक्त 'एस' शोधायचा.

आता इथेच गंमत आहे. दादाने 'एम' बघितलं आणि टी-शर्टसारखा विचार केला, "मी मीडियमच घालतो." पण हे आकार फीचरची मोठाई सांगतात, अवघडपणा नाही. शिवाय ते त्याच डोंगरापुरते असतात. एका डोंगराचं 'एम' दुसऱ्याचं 'एल' असू शकतं. म्हणून "मागच्या वेळी मी मीडियम केलं होतं" हे वाक्य नव्या डोंगरावर चालत नाही. तिथे पुन्हा 'एस'पासून सुरुवात.

चांगल्या पहिल्या पार्कची लक्षणं

१. उतार मंद आणि रुंद हवा. दोन फीचरमध्ये थांबून श्वास घेण्याइतकं अंतर हवं.

२. प्रत्येक फीचरच्या बाजूने निघून जाता आलं पाहिजे. मन बदललं तर गुपचूप वळून जायची सोय, हे सगळ्यात महत्त्वाचं. एकदा आत शिरलं की उडी मारल्याशिवाय सुटका नाही, असं पार्क नवख्याचं नाही.

३. बॉक्स 'राइड-ऑन' हवेत, म्हणजे बॉक्सचं तोंड बर्फाला टेकलेलं, चालत्या बसमध्ये नव्हे तर सरकत्या जिन्यावर पाय ठेवल्यासारखं. ज्यावर उडी मारून चढावं लागतं ते नको. रुंद बॉक्स आधी, रेल खूप नंतर.

४. जंपचं उतरणं वरून दिसलं पाहिजे. आणि चढण ते उतार यांच्यामध्ये मोकळी दरी असलेला 'गॅप' नको.

५. पार्कला स्वतःची छोटी लिफ्ट किंवा सरकता पट्टा असेल तर उत्तम. तेच फीचर दहा वेळा करता येतं. शिकणं म्हणजे शेवटी रिपिटिशनच.

६. त्याच पार्कमध्ये एक्सएल जंपवाले सुसाट येत नसावेत. वेगळं प्रवेशद्वार असलेलं पार्क घ्या.

उदाहरणं द्यायची तर कॅनडात व्हिसलर ब्लॅककॉम्बला 'बिग ईझी टेरेन गार्डन' आहे. नावातच ईझी आणि गार्डन! अमेरिकेत 'वुडवर्ड' नावाची साखळी पायरीपायरीने वाढत जाणाऱ्या पार्कसाठी ओळखली जाते. तिचं एक केंद्र यूटामध्ये पार्क सिटीजवळ २०१९च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं. याच पार्क सिटीत २००२च्या ऑलिंपिकची हाफपाइप स्पर्धा झाली होती. आणि हो, स्नोबोर्डवाल्यांनो, यूटामधल्याच अल्टा आणि डीअर व्हॅली इथे स्नोबोर्डला परवानगीच नाही, तिथे फक्त स्की चालतात. तिकीट काढण्याआधी बघा.

आता थोडं इंजिनिअरिंग मेकॅनिक्स

फर्स्ट इयरला आपण प्रोजेक्टाइलची गणितं रडत रडत सोडवली. ती इथे कामाला येतात.

उडीतून खाली येताना आपटण्याचा जोर एकूण वेगावर नाही, तर जमिनीला लंब असलेल्या वेगावर ठरतो. या लंब वेगाचा वर्ग भागिले दोन जी, इतकं केलं की एक उंची मिळते. तिला 'इक्विव्हॅलंट फॉल हाइट' म्हणतात. म्हणजे ही उडी किती उंचीवरून सरळ सपाट जमिनीवर पडण्याइतकी आहे ते. कॅलिफोर्निया विद्यापीठ, डेव्हिस इथले माँट हबर्ड आणि कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सचे जेम्स मॅकनील या प्राध्यापकांनी यावर बरंच काम केलं आहे. उतरण्याचा उतार असा वळवायचा, की माणूस कुठेही उतरला तरी ही उंची तेवढीच छोटी राहावी, ही त्यांची कल्पना.

आकडे घालून बघू (हवेचा विरोध सोडून). वेग सेकंदाला १२ मीटर, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. चढणीचा कोन २० अंश. माणूस ३ मीटर खाली उतरतो. जर तो २५ अंशांच्या उतारावर उतरला, तर ही उंची येते साधारण अर्धा मीटर. तोच माणूस, तीच उडी, पण खाली सपाट जमीन असेल तर उंची येते जवळजवळ ३.९ मीटर. म्हणजे पहिल्या मजल्यावरून उडी! फरक फक्त खालच्या उताराचा. म्हणून पार्क बघताना सगळे जण चढणीकडे बघतात, तुम्ही उतरणीकडे बघा. ती लांब आहे का, उतरती आहे का, की लगेच सपाट होते?

आता लहान जंप घ्या. वेग सेकंदाला ५ मीटर, कोन १० अंश, उतरणं त्याच पातळीवर अगदी सपाट. उंची येते फक्त ४ सेंटिमीटर, आणि उडी जाते मीटरभरही नाही. म्हणजे इथे चूक झाली तर तिची किंमत ४ सेंटिमीटर. 'एस'पासून सुरुवात करा, असं का सांगतात ते या एका आकड्यात आलं.

अजून एक. उडीचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. वेग २० टक्के वाढला तर अंतर ४४ टक्के वाढतं. सकाळचा बर्फ कडक आणि वेगवान असतो, दुपारी तो पाणचट होऊन हळू होतो. त्यामुळे सकाळचा अंदाज दुपारी चालत नाही.

दादाचं काय झालं? चढणीवर त्याला भीती वाटली आणि त्याने ब्रेक मारला. उतारापर्यंत पोहोचलाच नाही, सपाट माथ्यावर पडला. मी अंदाजाने त्याचा वेग सेकंदाला ९ मीटर आणि कोन २० अंश धरला. उंची आली अर्ध्या मीटरच्या आसपास, म्हणजे खुर्चीवरून खाली. पायांवर उतरला असता तर काहीच नव्हतं. पण भीतीने तो मागे झुकला होता, आणि सगळं वजन मागे टेकलेल्या एका हातावर आलं.

मनगट, डोकं आणि शिस्त

नॉर्वेमध्ये ५,०२९ स्नोबोर्डवाल्यांवर झालेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. मनगटाला गार्ड बांधलेल्या गटात मनगटाच्या ८ दुखापती झाल्या, न बांधलेल्या गटात २९. गार्ड भाड्याने मिळत असेल तर घ्या, नसेल तर विकत घ्या. हेल्मेटबद्दल तर बोलायलाच नको. आपण इथे पोलिसाला घाबरून घालतो, तिथे स्वतःसाठी घाला.

अमेरिकेतल्या नॅशनल स्की एरियाज असोसिएशनचे पार्कसाठी पाच नियम आहेत : लहान सुरुवात करा, बेत आखा, नेहमी बघा, इतरांचा मान राखा, बेताने घ्या. बेत आखताना प्रत्येक फीचरचे चार भाग धरतात : येणं, सुटणं, हवेतली करामत आणि उतरणं. मी यात दोन घरगुती नियम घालते. पहिली फेरी नुसती बघण्याची, एकही उडी न मारता. आणि उतरण्याच्या जागी कधीही बसायचं नाही. वरून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. कुणी पडलं असेल तर वर उभं राहून डोक्यावर हातांची फुली करायची, म्हणजे मागचे थांबतात.

आणि आपल्याकडे?

परदेशी जाण्याआधी बर्फाची ओळख करून घ्यायची असेल तर गुलमर्ग, औली आणि मनालीजवळचं सोलंग आहे. गुलमर्गला केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्कीइंग शिकवणारी संस्थाही आहे. तिथे उड्या शिकायला जायचं नाही. थांबणं आणि वळणं एवढंच पक्कं करून आलात तरी परदेशातल्या पहिल्या वीकेंडला तुम्ही रूममेटच्या मागे फरफटत जाणार नाही.

असो. लेख लांबला, मेसची वेळ झाली. पण शेवट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या थंडीत दादा पुन्हा गेला. मावशीने परवानगी दिली ती एका अटीवर, की व्हिडिओ पाठवायचा. त्याने पाठवला. नारिंगी पाटीवर 'एस', डोक्याला हेल्मेट, दोन्ही मनगटांना गार्ड. त्याच्या पुढे एक सातआठ वर्षांची मुलगी होती. ती भुर्रकन उडून गेली. मागून दादा आला, इवलासा उडाला आणि दोन्ही पायांवर उतरला.

मावशीने तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि म्हणाली, "एवढंच?"

दादा म्हणाला, "हो गं आई, एवढंच."

तुमचीही पहिली उडी एवढीच असू दे.